वचनभंगाची पेनल्टी हवीच

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्या आपल्याकडच्या मुलांमध्ये एक सल्ला आता सूत्र होऊन बसला आहे. शेजारच्या राजाने विचारलं, 'तुझी फौज माझ्या सीमेवर कशाला?' तर बिनधास्त सांगायचं, 'नुसती चालली आहे, तुझ्याशी काही देणंघेणं नाही.' मग दोन-चार टर्न जाऊ द्यायचे, फौज नीट जागेवर आणायची आणि हल्ला करायचा. शब्द मोडल्याची पेनल्टी लागते तेवढी लागू द्यायची. शहरं हाती आली की ती भरून निघते, आणि कालांतराने आकडा आपोआप उतरतोच. वचनभंग म्हणजे एक खर्च, तो हिशेबात धरायचा आणि पुढे जायचं, असं या सल्ल्याचं सार.

हा सल्ला मला मान्य नाही. तो नैतिकदृष्ट्या वाईट आहे एवढंच म्हणून मी थांबणार नाही. खेळाचं शास्त्र म्हणूनही तो कच्चा आहे, आणि त्याच्या समर्थनासाठी इतिहासाचा जो दाखला दिला जातो तो उलटा आहे. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं धनज हे माझं गाव. वऱ्हाडच्या ज्या मातीत ते वसलं आहे तिच्यावरून दोन सत्तांनी जवळजवळ शंभर वर्षं एकमेकांना दिलेल्या शब्दांचा वाद घातला. म्हणून हा दाखला तपासण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेतो.

आधी समोरच्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. त्यांचे मुद्दे तीन. पहिला: पेनल्टी ही किंमत आहे, आणि किंमत परवडत असेल तर ती मोजण्यात गैर काही नाही. दुसरा: ही पेनल्टी अन्यायकारक आहे, एआय स्वतः शब्द मोडतो तेव्हा त्याचं काही बिघडत नाही, आणि खेळाडूने कोणता शब्द किती काळ पाळायचा हेही खेळ धड सांगत नाही. तिसरा: खऱ्या राजकारणात मोडलेला शब्द कोणी फार काळ लक्षात ठेवत नाही, म्हणून खेळाची ही लांबलचक स्मरणशक्ती अवास्तव आहे.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर खेळाच्या रचनेतच आहे. २०१० साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन ५' मध्ये एखादा नेता सांगतो की आमच्या हद्दीजवळ नवी शहरं वसवू नका. त्यावर खेळाडूपुढे दोन वाटा असतात. 'बरं, नाही वसवत' म्हणता येतं किंवा 'आम्हाला हवं तिथे वसवू' असं तोंडावर सांगता येतं. तोंडावर नकार दिला तर तो नेता नाराज होतो. होकार देऊन नंतर शहर वसवलं तर तो त्याहून जास्त नाराज होतो. शहर तेच, जागा तीच, त्याचं नुकसानही तेच. मग नाराजीत हा फरक कशाचा? तो खोटं बोलण्याचा आहे. नकार देण्याची वाट तुम्हाला स्वस्तात खुली असते, तरी तुम्ही वचन देता, कारण त्या वचनाने समोरचा गाफील राहावा असं तुम्हाला वाटतं. खेळ जी वसुली करतो ती या फसवणुकीची.

आणि ती वसुली एकट्या फसलेल्या शेजाऱ्यापुरती राहत नाही. फौज नुसती चालली आहे असं सांगून तुम्ही एका राजावर तुटून पडलात, की ज्यांच्या केसालाही तुम्ही धक्का लावलेला नाही असे दूरचे राजेही तुमच्या नावापुढे त्याची नोंद करतात. 'पेनल्टी म्हणजे किंमत' म्हणणारे इथेच घसरतात. किंमत एकदा मोजली की व्यवहार संपतो. इथे व्यवहार संपत नाही. पुढच्या प्रत्येक व्यवहाराच्या अटी बदलतात. मैत्रीचा करार करायला कोणी पुढे येत नाही, तुमच्या मालाला पूर्वीइतका मोबदला मिळत नाही, आणि तुमच्यावर कोणी चालून आलं तर बाकीचे बघत बसतात. यात कोणी तुम्हाला शिक्षा ठोठावत नसतं. प्रत्येक जण आपापल्या हिताचाच विचार करत असतो. फक्त त्या विचारात तुमच्याबद्दलची एक नवी माहिती जमा झालेली असते.

आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करत. आधी तुझं वावर, मग माझं. आपलं वावर पेरून झाल्यावर जो बैल घेऊन गायब झाला त्याला गावाने दंड केला नाही. पुढच्या मृगाला त्याच्याशी सावड करायला मात्र कोणी तयार झालं नाही. त्याचं नुकसान कोणत्या आकड्यात मांडायचं? एका हंगामाची पेरणी त्याने फुकटात साधली. गमावली ती सावड करण्याची सोयच.

अभ्यासकांनी हेच मोजून पाहिलं आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. दोघे समोरासमोर, प्रत्येकाने दर फेरीला सहकार्य करायचं की दगा द्यायचा ते ठरवायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. जगभरातल्या तज्ज्ञांनी आपापले डावपेच पाठवले. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला, सगळ्यांत साधा डाव: सुरुवात सहकार्याने करायची, मग समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच आपण करायचं. हा डाव स्वतःहून कधी दगा देत नाही, दग्याकडे दुर्लक्ष करत नाही, आणि समोरचा सुधारला तर लगेच माफही करतो. दुसऱ्यांदा स्पर्धा घेतली तेव्हाही तोच जिंकला. धूर्त डाव एखादी फेरी मारत होते, पण बेरजेत मागे पडत होते. या निकालाला एक अट आहे: पुन्हा गाठ पडणार असली पाहिजे आणि मागचं लक्षात राहिलं पाहिजे. या दोन्ही अटी काढून घ्या, दगाच शहाणपणाचा ठरेल. आमच्या सल्लागारांना पेनल्टी पातळ करून हवी आहे. म्हणजे त्यांना हीच दुसरी अट काढून टाकायची आहे. ती काढल्यावर जे उरेल त्याला डावपेच म्हणता येणार नाही. जो आधी दगा देईल तो जिंकेल, एवढाच तो खेळ होईल.

आता दुसरा मुद्दा, अन्यायाचा. त्यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. 'सिव्हिलायझेशन ५' मध्ये दिलेला शब्द किती टर्न लागू राहील हे पडद्यावर दिसत नाही. सीमेवरच्या फौजेबद्दल दिलेला शब्द संपला की नाही, याचा अंदाज बांधत बसावं लागतं. ज्या वचनाची मुदत देणाऱ्यालाच ठाऊक नाही ते मोडल्याबद्दल त्याला खोटारडं ठरवणं बरोबर नाही. पण या तक्रारीवरचा उपाय कोणता? वचनाची भाषा स्पष्ट करा, मुदत लिहा, मोडण्यापूर्वी सूचना द्या, अशी मागणी रास्त आहे. वचन धूसर आहे म्हणून वचनभंगाची पेनल्टीच काढा, ही मागणी रास्त नाही. करारपत्रावरची अक्षरं पुसट असतील तर नवी प्रत काढून घेतात. करार पाळायची प्रथा मोडीत काढत नाहीत.

एआय मोकळा सुटतो ही तक्रारही जुन्या खेळाबद्दल बरीचशी खरी होती. पण रचनाकारांनी ती ऐकली. 'सिव्हिलायझेशन ६' च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या २०१९ च्या विस्तारात गाऱ्हाण्यांची पद्धत आली. दोन राज्यांमध्ये एक सामाईक खातं असतं. त्याने आगळीक केली तर खातं तुमच्या बाजूला झुकतं, तुम्ही केली तर त्याच्या बाजूला. त्याने शब्द मोडला असेल तर तुमच्याकडे त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणी जमा होतात, आणि त्या आधारावर तुम्ही उत्तर दिलंत तर जग तुम्हाला आक्रमक म्हणत नाही. न सांगता केलेल्या युद्धाची नोंद मोठी, रीतसर जाहीर केलेल्या युद्धाची तिच्याहून लहान. रीतसर युद्धासाठी आधी उघड निषेध करावा लागतो आणि पाच टर्न थांबावं लागतं. तुमच्या नावावर गाऱ्हाणी साचली की जागतिक परिषदेत वापरायची राजनैतिक पतही कमी मिळू लागते. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहिला जातो, त्यामुळे अन्यायाची तक्रार बरीच निकालात निघाली आहे. तरीही सल्ला तोच चालू राहतो, यावरून मुळात आक्षेप अन्यायाला नव्हता, आठवणीला होता, असं मला म्हणावं लागतं.

स्वीडनमधल्या पॅराडॉक्स कंपनीच्या 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' मध्ये हा विचार आणखी खोल गेला आहे. तिथे खेळ ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, आणि आपलं वऱ्हाड त्या वेळी बहमनी राज्यात असतं. युद्ध संपून तह झाला की ठरलेली वर्षं शांतता पाळायची. त्या मुदतीत हल्ला केलात तर तुमच्या स्वतःच्या राज्याची स्थिरता पाच अंकांनी खाली येते, आणि ही मोजपट्टी उणे तीन ते अधिक तीन एवढीच आहे. म्हणजे उत्तम चाललेलं राज्य एका दिवसात डबघाईला येतं, प्रांतांत असंतोष वाढतो. मित्राला युद्धात ओढताना जमीन द्यायचं कबूल करता येतं. तहाच्या वेळी ती दिली नाही तर त्याचा विश्वास कमी होतो, आणि विश्वास शून्य ते शंभर अशा वेगळ्या मोजपट्टीवर हळूहळूच चढतो. शब्द मोडणाऱ्याचं घरही हलतं हे या रचनेने ओळखलं आहे. शेजाऱ्याशी केलेला तह राजा सहज फाडतो हे पाहणारे पहिले लोक त्याचे स्वतःचे सरदार आणि रयत असतात. आपल्याला दिलेल्या सनदेचं उद्या काय होईल, हा प्रश्न त्यांना पडणारच.

इथे कोणी म्हणेल की आकडे न लावताही उत्तम खेळ होतो, ॲलन कॅल्हॅमर यांचा 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ घ्या. १९५९ साली तो बाजारात आला. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपातल्या सात सत्ता, फाशांचा संबंध नाही, सगळी मदार बोलणी आणि वचनांवर. आणि वचन मोडल्याबद्दल नियमांत कोणताही दंड नाही. दाखला खरा आहे, पण तो माझ्या बाजूचा आहे. तिथे दंड नियमात लिहिलेला नाही, कारण पटाभोवती सात माणसं बसलेली असतात आणि आठवण ठेवायचं काम ती करतात. २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी 'सिसेरो' नावाचा संगणकी खेळाडू या खेळात उतरवला. माणसांशी लेखी बोलणी करत तो एकाहून अधिक डाव खेळलेल्या खेळाडूंत वरच्या दहा टक्क्यांत गेला. त्याला घडवताना त्याच्या बोलण्याची सांगड त्याच्या खऱ्या बेताशी घालण्यावर भर होता. दगाबाजीचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या खेळातही बोलणं आणि बेत जुळवणारा खेळाडू इतका वर जातो. संगणकाच्या पडद्यावरच्या राजांना माणसाची स्मरणशक्ती नसते, म्हणून ती त्यांना आकड्यांच्या रूपात द्यावी लागते. पेनल्टी म्हणजे तीच स्मरणशक्ती.

आता तिसरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो: खऱ्या राजकारणात कोणी लक्षात ठेवत नाही, असं म्हणतात. वऱ्हाडचा इतिहास काय सांगतो ते बघू.

१८०३ च्या नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत आणि डिसेंबरात गाविलगडावर इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांना हरवलं. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसरे रघुजी भोसले यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि तो ईस्ट इंडिया कंपनीचा दोस्त असलेल्या हैदराबादच्या निजामाकडे गेला. त्याआधी १८०० मध्ये कंपनी आणि निजाम यांच्यात तह झालेला होता. युद्धाच्या वेळी निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ द्यायचं, असं त्यात होतं. शांततेच्या काळात ही फौज कायम बाळगायचं कलम त्यात नव्हतं. तरीही पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज कायम उभी राहिली आणि तिचा पगार निजामाच्या माथी बसला. पगार थकत गेला, कर्ज वाढत गेलं. २१ मे १८५३ च्या तहाने निजाम नासिरुद्दौला यांना वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब कंपनीच्या कारभाराखाली द्यावे लागले. ठरलं असं की या मुलखाच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवायचा, दरवर्षी हिशेब द्यायचा आणि शिल्लक राहील ती निजामाला परत करायची.

१८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने उभं राहिलं. १८६० च्या तहात त्याची परतफेड झाली: सुमारे पन्नास लाखांचं कर्ज माफ, धाराशिव आणि रायचूर दोआब परत. वऱ्हाड मात्र विश्वस्त म्हणून इंग्रजांकडेच राहिला, आणि हिशेब मागायचा हक्क निजामाने सोडून द्यायचा, असंही त्याच तहात आलं. शिल्लक देण्याचं वचन कायम, ते तपासण्याचा मार्ग बंद. याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडी कापसाचं मोल वाढलं. १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. मुलूख सोडावा असं इंग्रजांना वाटण्याचे दिवस संपले.

हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळवण्यासाठी उरलेलं आयुष्य वेचलं. फौजेच्या खर्चाची हमी म्हणून रोख रक्कम ठेवतो, मुलूख परत द्या, असा प्रस्ताव त्यांनी दिला. तो फेटाळला गेला. १८७६ मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले. निजाम अल्पवयीन आहे, सज्ञान झाल्यावर पाहू, या सबबीवर प्रश्न लांबणीवर पडला. १८८३ मध्ये सालारजंग वारले. निजाम मेहबूब अली खान सज्ञान झाले, आणि १९०२ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन यांनी त्यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतला. पुढच्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला. खेळाच्या भाषेत सांगायचं तर इंग्रजांनी पेनल्टी भरली, प्रांत कायमचा मिळवला आणि खातं बंद केलं. आमच्या सल्लागारांच्या हिशेबाने गोष्ट इथे संपायला हवी.

ती संपली नाही. १९२३ मध्ये निजाम उस्मान अली खान यांनी व्हाइसरॉयना लांबलचक पत्र लिहून १८५३ पासूनचा सगळा हिशेब पुन्हा मांडला: वडिलांची संमती मोकळेपणाने दिलेली नव्हती, वऱ्हाड परत करा. २७ मार्च १९२६ रोजी लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिलं. ब्रिटिश सत्तेचं श्रेष्ठत्व केवळ तहांवर अवलंबून नाही, ते तहांच्याही वर आहे, असा त्या उत्तराचा आशय होता. उत्तर निजामाला होतं, पण ते वाचलं हिंदुस्थानातल्या प्रत्येक संस्थानिकाने. ज्यांचा वऱ्हाडशी सुतराम संबंध नव्हता त्यांनाही त्यातून कळलं की आपल्याकडचे तह समोरच्याला बांधून ठेवत नाहीत. सार्वभौम सत्तेशी आपलं नातं नक्की काय, हे स्पष्ट करा, अशी संस्थानिकांची मागणी जोर धरू लागली. १९२७ च्या डिसेंबरात सर हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९२९ मध्ये तिचा अहवाल आला, आणि श्रेष्ठत्वाची मर्यादा आखून देण्याचं तिनेही नाकारलं.

मग गरज इंग्रजांना पडली. १९३५ च्या कायद्याने संघराज्य उभं करायचं होतं, त्यासाठी संस्थानिकांनी स्वतःहून सामील व्हायला हवं होतं, आणि लोकसंख्येने सर्वांत मोठं संस्थान हैदराबाद. त्या कायद्यात वऱ्हाडसाठी वेगळं कलम घालावं लागलं. २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व लेखी मान्य करावं लागलं. निजामाच्या किताबात वऱ्हाडचं नाव आलं आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. दहा वर्षांपूर्वी ज्याला विषय संपला म्हणून सांगितलं होतं, त्यालाच ही मान्यता द्यावी लागली. तरीही पुरेशा संस्थानिकांनी सह्या केल्या नाहीत. संघराज्य कागदावरच राहिलं आणि १९३९ मध्ये युद्ध लागल्यावर बासनात गेलं. त्याला कारणं अनेक होती, पण दिलेला शब्द ही सत्ता किती पाळते, ही शंका त्यांतली एक ठळक होती. १९४७ मध्ये इंग्रज निघाले तेव्हाही वऱ्हाडचा प्रश्न टेबलावर होताच. १८५३ च्या तहाचं भूत १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झालं तेव्हा उतरलं.

पंच्याण्णव वर्षं. कोणता खेळ इतकी लांब पेनल्टी लावतो? 'खेळाची स्मरणशक्ती अवास्तव लांब आहे' म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की ती वास्तवापेक्षा कितीतरी तोकडी आहे. आणि हा दाखला आकडा कुठे वाढतो तेही दाखवतो. फसलेल्या बाजूचा राग इंग्रजांना फारसा महागात पडला नाही. निजामापेक्षा ते फार बलवान होते. महाग पडली ती बघणाऱ्यांची आठवण. 'सिव्हिलायझेशन' मधले दूरचे राजे जी नोंद करतात ती हीच.

याच मातीतला दुसरा दाखला आपल्याच माणसांचा आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांनी सह्या केल्या: लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत आणि शिक्षणात तसाच वाटा, नागपूरला दरवर्षी विधिमंडळाचं अधिवेशन. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. अधिवेशनाचा शब्द जवळजवळ सगळी वर्षं पाळला गेला आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. खर्चाच्या शब्दाचं काय झालं ते १९८४ मध्ये दांडेकर समितीने मोजलं: राज्यातल्या एकूण ३,१८६ कोटींच्या अनुशेषापैकी विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी. तो भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये विकास मंडळं आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. आज वऱ्हाडात सिंचनाची कोणतीही नवी योजना जाहीर झाली की पहिला प्रश्न तिच्या आराखड्याबद्दल येत नाही, मागच्या शब्दाबद्दल येतो. योजना चांगली असली तरी तिला संशयाचा कर भरावाच लागतो. हा कर ज्यांनी शब्द पाळला नाही त्यांच्यापेक्षा, आज प्रामाणिकपणे काम करू पाहणाऱ्यांना जास्त बसतो. वचनभंगाची पेनल्टी अनेकदा पुढच्या पिढीच्या नावावर चढते.

या दोन्ही दाखल्यांमधून एक खरा आक्षेप निघतो, तो मी स्वतःच मांडतो. बलवानाला पेनल्टी झोंबत नाही. खेळाच्या उत्तरार्धात अर्धा नकाशा जिंकलेल्या खेळाडूला सगळं जग नाराज असलं तरी फरक पडत नाही. म्हणूनच 'भरा आणि पुढे जा' हा सल्ला यशस्वी दिसतो. पण यावरून निघणारा निष्कर्ष पेनल्टी कमी करा असा नाही. ती बलवानालाही लागेल अशी करा, असा आहे. सत्ता जितकी मोठी तितकं तिने मोडलेल्या शब्दाचं ओझं तिच्या स्वतःच्या प्रांतांवर, मांडलिकांवर, व्यापारावर जास्त पडावं. 'युरोपा' ने स्थिरतेच्या रूपाने सुरुवात केली आहे. ती पुढे न्यायला हवी. अर्धवट पाळलेल्या वचनाची वेगळी नोंद हवी. आणि चूक दुरुस्त करायची वाटही हवी: बळकावलेलं शहर परत दिलं, ठरलेली जमीन उशिरा का होईना सुपूर्द केली, तर नाव सुधारावं. नुसते टर्न उलटले म्हणून डाग पुसला जावा, हे मला मान्य नाही. काळ माफ करत नाही, भरपाई माफी मिळवून देते.

खेळाडूला मी काय सांगेन? पाळायचं नसेल तर वचन देऊ नका. नकाराची वाट स्वस्त आहे, ती घ्या. युद्ध करायचंच असेल तर उघड निषेध करा, थांबा, जाहीर करून करा. तहाची मुदत संपू द्या. त्या वर्षांत रस्ते बांधा, खजिना भरा. मित्राला जमीन कबूल करण्याआधी ती खरंच द्यायची आहे का ते ठरवा. शब्द मोडला गेलाच, तर आकडा उतरायची वाट पाहत बसू नका, ज्याचं घेतलं त्याचं परत करा. असा खेळ कदाचित दहा टर्न उशिरा जिंकला जाईल. पण त्या राज्याला मित्र असतील, आणि संकटात एकट्याने लढावं लागणार नाही.

'शेवटी खेळच तो' हा युक्तिवाद उरतो. खेळाने मुलं बिघडतात असं मी म्हणत नाही, तसं मला वाटतही नाही. उलट, सालारजंगांपासून उस्मान अलींपर्यंत तीन पिढ्यांत जे उलगडलं ते धनजमधला पंधरा वर्षांचा मुलगा एका रविवारी मोबाइलवर स्वतः करून पाहू शकतो: दिलेला शब्द, मोडलेला शब्द, आणि त्यानंतर एकेक करून बंद होत गेलेली दारं. शाळेच्या पुस्तकात तहांच्या तारखा असतात, तहांचे परिणाम असे हाताला लागत नाहीत. ही पेनल्टी पातळ करा म्हणणारे त्याच्याकडून खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट काढून घेत आहेत. त्यांनी आपला हिशेब पुन्हा मांडावा, आणि या वेळी जिंकलेल्या शहरांच्या रकान्याशेजारी, ज्यांनी नंतर कधीच करार केला नाही त्यांचाही रकाना धरावा. बेरीज त्यानंतर करावी.